शब्दाला अर्थ कोण देतो?

(सभामंडपात महाजन मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



सायंकाळच्या आरतीची घंटा झाली म्हणजे सभामंडपातील लहान मुले मोठ्या हौसेने पुढे सरसावतात आणि वडीलधाऱ्यांच्या आवाजात आपला कोवळा आवाज मिसळून आरती म्हणतात. गणपतीच्या आरतीत 'फणिवर' असा एक शब्द येतो. फणी म्हणजे सर्प आणि फणिवर म्हणजे सर्पांत श्रेष्ठ. मुलांच्या तोंडी मात्र त्याचे 'फळीवर' होते. हा अनुभव घरोघरचा आहे आणि तो ऐकून वडील मंडळी हसतात, तेही स्वाभाविकच आहे. तथापि त्या चुकीत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. मुलाला फणी ठाऊक नाही. फळी ठाऊक आहे. अर्थावाचूनचा ध्वनी त्याच्या मनाने जसाच्या तसा स्वीकारला नाही; घरातला ओळखीचा शब्द आणून त्याने ती रिकामी जागा भरून काढली. अर्थाची ही भूक मनुष्याच्या ठिकाणी उपजतच आहे. मग प्रश्न असा उद्भवतो, की हा अर्थ शब्दाच्या ठिकाणी येतो कोठून? तो ध्वनीत मुळातच असतो, कोणी तो ठरवून दिलेला असतो, की आणखी कोठे त्याचे घर आहे?

हा प्रश्न देवळात विचारला जाणे अगदी उचित आहे, कारण आपल्या परंपरेत तो प्रथम मंत्रांच्या निमित्तानेच तीव्रतेने विचारला गेला. यास्काचार्यांच्या निरुक्तात कौत्स नावाच्या एका आचार्याचे मत दिले आहे. कौत्साचे म्हणणे असे, की वेदमंत्रांना अर्थच नाही. त्याने कारणेही दिली. मंत्रांतील शब्द आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. एक शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घालता येत नाही. मंत्रांत वनस्पतींना आणि शस्त्रांना उद्देशून प्रार्थना केल्या आहेत. काही ठिकाणी परस्परविरोधी विधाने आहेत, आणि काही शब्द तर इतके दुर्बोध आहेत की त्यांचा अर्थ कोणालाच लागत नाही. वेदार्थाचे शास्त्र सांगणाऱ्या ग्रंथातच हा पूर्वपक्ष इतक्या स्वच्छपणे मांडलेला आहे, ही गोष्ट आपल्या विद्वत्परंपरेला भूषणावह होय.

यास्कांनी दिलेले उत्तर साधे आहे. मंत्रांतले शब्द तेच आहेत जे लोक बोलतात. मग ते लोकांत सार्थ आणि मंत्रांत निरर्थक कसे होतील? क्रम ठरलेला असणे हे तर व्यवहारातही आढळते. मराठीतच पाहावे: 'बापलेक' म्हणतात, 'लेकबाप' कोणी म्हणत नाही, म्हणून बापलेक हा शब्द निरर्थक ठरत नाही. आणि दुर्बोध शब्दांविषयी यास्क म्हणतात, की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. त्याच ग्रंथात दुसऱ्या एका खांबाचाही उल्लेख आहे. जो वेद पाठ करतो पण अर्थ जाणत नाही, त्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. हे दोन खांब ध्यानात ठेवावेत. या विषयाचा सारा भार त्यांवरच तोललेला आहे.

पुढे या वादाला दोन मोठे पक्ष मिळाले. मीमांसकांचा पक्ष असा, की शब्द आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक व नित्य आहे. जैमिनींनी तो 'औत्पत्तिक', म्हणजे उपजत, मानला. नैयायिकांचा पक्ष याच्या उलट. गौतमांनी न्यायसूत्रांत विचारले, की असा स्वाभाविक संबंध असता तर अन्न म्हणताच तोंड भरले असते, अग्नी म्हणताच जीभ भाजली असती. तसे घडत नाही. तेव्हा हा संबंध संकेताचा आहे. अमुक शब्दावरून अमुक वस्तू समजावी, असे ठरलेले आहे. हे ठरविले कोणी? प्राचीन नैयायिकांनी सांगितले, ईश्वराच्या इच्छेने. यावर शंका निघाली, की काल बारशाला ठेवलेल्या नावाचे काय? ते तर बापाने ठेवले. उत्तर असे दिले गेले, की जन्मानंतर ठरलेल्या दिवशी पित्याने नाव ठेवावे अशी शास्त्राज्ञा आहे, तेव्हा तेथेही ईश्वरेच्छा आहेच. नव्यनैयायिकांनी हा वळसा टाळला आणि इच्छा असली म्हणजे पुरे, ती मनुष्याची का असेना, असे मत स्वीकारले.

मीमांसकांचा प्रतिप्रश्न मात्र मार्मिक आहे. पहिला संकेत करणारा पुरुष तो संकेत कोणत्या भाषेत करील? 'याला गाय म्हणावे' हे सांगण्यासाठीसुद्धा 'याला' आणि 'म्हणावे' हे शब्द ऐकणाऱ्याला आधी कळावे लागतात. म्हणजे भाषेला आरंभ देण्यासाठी भाषाच हवी. शिवाय असा कोणी आद्य संकेतकर्ता कोणाच्याही स्मरणात नाही. महाभाष्यकार पतंजलींनी हीच गोष्ट एका घरगुती उदाहरणाने समजाविली आहे. घागर हवी असली म्हणजे मनुष्य कुंभाराच्या घरी जातो आणि घागर घडवून दे म्हणून सांगतो. परंतु बोलायचे आहे म्हणून वैयाकरणाच्या घरी जाऊन 'मला चार शब्द घडवून दे' असे कोणी म्हणत नाही. शब्द आधीपासून चालत आलेले असतात. माणूस त्यांत जन्माला येतो.

येथे दोन्ही पक्षांना एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. संबंध नित्य असो वा संकेताने आलेला असो, आज जन्मलेल्या मुलाला तो कळतो कसा? आणि आश्चर्य असे, की या ठिकाणी मीमांसक आणि नैयायिक एकाच जागी येऊन उभे राहतात. त्या जागेचे नाव 'वृद्धव्यवहार'.

वृद्धव्यवहार म्हणजे मोठ्या माणसांचे आपसांतले बोलणे-चालणे. घरातील वडील माणूस दुसऱ्याला म्हणतो, 'गाय आण'. तो उठतो आणि गाय आणतो. जवळच खेळणारे मूल हे पाहते. त्याला अजून 'गाय' कळत नाही आणि 'आण' ही कळत नाही. पण हे वाक्य उच्चारले गेले आणि ही क्रिया घडली, एवढे कळते. थोड्या वेळाने वडील म्हणतात, 'गाय बांध, घोडा आण'. आता एक शब्द तोच राहिला, दुसरा बदलला. त्याबरोबर क्रियेतलेही एक अंग राहिले आणि दुसरे बदलले. अशा अदलाबदलीतून मूल हळूहळू एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते. त्याला कोणी धडा दिलेला नसतो. ते व्यवहारात सामील असते, एवढेच.

या उदाहरणावरून पुढे सूक्ष्म मतभेद झाले. प्रभाकरांच्या अनुयायांनी म्हटले, की मूल शब्द नेहमी वाक्यातच शिकते, म्हणून प्रत्येक शब्द दुसऱ्याशी जोडलेला अर्थच सांगतो. कुमारिलभट्टांचे अनुयायी म्हणाले, की शब्द आपापला अर्थ आधी सांगतात व मग ते अर्थ जुळून वाक्यार्थ होतो. 'वाक्यपदीय'कार भर्तृहरी याहूनही पुढे गेले. त्यांच्या मते वाक्य हेच एकसंध सत्य. शब्द व वर्ण हे त्याचे पाडलेले तुकडे होत, आणि वाक्यार्थ मनात एकदम उजळतो, त्या उजळण्याला त्यांनी 'प्रतिभा' म्हटले. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी आणखी वेगळी दिशा दाखविली. 'गाय' हा शब्द गाईचे स्वरूप सांगत नाही. जे गाय नाही त्याला तो बाजूस सारतो, एवढेच त्याचे काम. हे सर्व वाद शतकानुशतके चालले. तरी शब्दाची शक्ती कळण्याची साधने मोजताना व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य इत्यादी आठ साधनांच्या यादीत व्यवहाराला जी अग्रपूजा मिळाली, ती ढळली नाही.

व्यवहाराचे हे बळ केवढे आहे, हे 'मंडप' या शब्दावरून कळेल. 'मंड' म्हणजे भाताची पेज, आणि 'प' म्हणजे पिणारा. व्युत्पत्तीने पाहता मंडप म्हणजे पेज पिणारा! गोव्यातील पेज पिणाऱ्या घरांना हा अर्थ आवडण्यासारखा आहे. परंतु सभामंडपात शिरताना ही व्युत्पत्ती कोणाच्याही मनात येत नाही. येथे अवयवांच्या अर्थावर रूढीने पूर्ण मात केली आहे. 'पंकज' शब्दात रूढी आणि व्युत्पत्ती यांनी तडजोड केली. चिखलात उगवणारे पुष्कळ काही असते, पण पंकज म्हणजे कमळच.

मीमांसकांनी तर या बाबतीत फार उदार निर्णय दिलेला आहे. वेदात 'पिक', 'नेम', 'तामरस' असे काही शब्द येतात. आर्यांच्या बोलण्यात ते प्रचलित नव्हते. ज्यांना ग्रंथकार म्लेच्छ म्हणत त्या लोकांत ते कोकिळा, अर्धा व कमळ या अर्थांनी चालू होते. प्रश्न निघाला, की धातू-प्रत्ययांवरून पंडितांनी नवा अर्थ जुळवावा, की त्या लोकांचा अर्थ घ्यावा? वेदप्रामाण्याचा प्राणपणाने कैवार घेणाऱ्या मीमांसकांनी निर्णय दिला, की जे लोक तो शब्द खरोखर वापरतात त्यांचाच अर्थ घ्यावा. पांडित्याने रचलेल्या अर्थापेक्षा कोणाच्या तरी तोंडी जिवंत असलेला अर्थ बलवत्तर ठरला.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची वाटचालही काहीशी अशीच झाली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस असे मांडले, की शब्द हे बोलणाऱ्याच्या मनातील कल्पनांची चिन्हे होत. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांनी १८९२ साली दाखविले, की पहाटेची चांदणी आणि सायंकाळची चांदणी ही दोन नावे शुक्र या एकाच ग्रहाची असली तरी त्यांचा आशय एक नव्हे. तसे नसते तर 'या दोन्ही एकच' हा मोठा शोध ठरलाच नसता. यानंतर लुडविग विट्गेनस्टाइन यांचा 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९५३ साली, प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभच मूल भाषा कसे शिकते या प्रश्नाने होतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात लिहिले होते, की मोठी माणसे वस्तूकडे वळून तिचे नाव घेत आणि त्यावरून आपण शब्द शिकलो. विट्गेनस्टाइन यांनी यावर आक्षेप घेतला, की अशाने मुलाला आधीच एक भाषा येत होती असे गृहीत धरल्यासारखे होते. संकेतकर्त्याविरुद्ध मीमांसकांनी काढलेल्या शंकेचेच हे दुसरे रूप दिसते. त्यांनी गवंडी आणि त्याचा मदतनीस यांचे उदाहरण दिले. गवंडी 'लादी' म्हणतो, मदतनीस लादी आणून देतो. शब्दाचा अर्थ म्हणजे, पुष्कळ ठिकाणी, त्याचा भाषेतील वापर, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. 'गाय आण' आणि 'लादी' या दोन प्रसंगांत अनेक शतकांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे. दृश्य मात्र एकच आहे. एकजण बोलतो, दुसरा करतो, आणि अर्थ त्या दोघांच्या मध्ये उभा असतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९७५ साली यात एक महत्त्वाची भर घातली. 'सोने' हा शब्द सर्वजण वापरतात, पण खरे सोने ओळखणारे थोडेच असतात. बाकीचे लोक त्या जाणत्यांच्या भरवशावर तो शब्द बोलतात. भाषेतही श्रमविभाग असतो. अर्थ एकेकाच्या डोक्यात साठविलेला नसून साऱ्या समाजात वाटलेला असतो. दागिना घेणाऱ्याला कस लावता आला नाही तरी चालते, कारण सोनाराला तो लावता येतो. प्रश्न एवढाच, की गावात सोनारच उरला नाही तर?

आता हे सारे विवेचन एका शब्दावर लावून पाहावे. तो शब्द म्हणजे 'महाजन'. व्युत्पत्तीने तो थोर पुरुषाचा वाचक. उत्तरेकडे त्याचा अर्थ सावकार. गुजरातेत व्यापाऱ्यांच्या संघाला महाजन म्हणत. मराठी मुलखातील पेठांत शेटे-महाजन हे बाजारपेठेचे वतनदार. गोव्यात मात्र महाजन म्हणजे देवस्थानाशी कुळपरंपरेने बांधलेला, त्याच्या मानपानाचा, खर्चाचा आणि कारभाराचा वाटेकरी. पोर्तुगीज राजवटीत १८८६ साली आणि पुढे १९३३ साली देवस्थानांच्या कारभाराची नियमावली झाली, तेव्हा राज्यकर्त्यांच्या भाषेला यासाठी स्वतःचा शब्द सापडला नाही. त्यांनी 'महाजन' या शब्दापासूनच 'मझानिया' असा शब्द बनविला. नैयायिकांच्या भाषेत हा आधुनिक संकेत, कायद्याने बसविलेली परिभाषा. परंतु कायद्याने ज्याची नोंद केली, तो अर्थ त्यापूर्वीच पालखीच्या खांद्यावर, उत्सवाच्या वाटून घेतलेल्या दिवसांत आणि अग्रशाळेतील पंक्तींत घडलेला होता.

नावांचेही असेच आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिपके यांनी १९७० साली दिलेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले, की विशेषनाम एकदा ठेवले म्हणजे ते वर्णनाच्या आधाराने टिकत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशा साखळीने ते पुढे जाते. गोमंतकीयांना यासाठी दूरचे उदाहरण नको. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तेव्हा कुठ्ठाळीहून मंगेश प्रियोळला आला, केळशीहून शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याहून म्हाळसा म्हार्दोळला आली. गाव बदलला, देऊळ बदलले, भोवतालचे सारे वर्णन बदलले. नाव मात्र बदलले नाही, कारण ते घेणारी माणसे मूर्तीबरोबर नदी ओलांडून आली. वेर्ण्यातील त्या जुन्या स्थळाला आजही लोक 'जुने म्हार्दोळ' म्हणतात. साखळीतील एकेक कडी म्हणजे नाव घेणारा एकेक माणूस होता.

येथे कौत्साला पुन्हा बोलू द्यावे. तो अजून गेलेला नाही. डच संस्कृतज्ञ फ्रिट्स स्टाल यांनी १९७५ साली केरळातील पांजाळ येथे झालेल्या अग्निचयनाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९७९ साली असा सिद्धांत मांडला, की विधी हे नियमबद्ध कर्म आहे. त्याला अर्थ नाही, आणि करणारेही अर्थाकडे लक्ष न देता अचूकतेकडे लक्ष देतात. हे मत धर्मद्वेषातून आलेले नव्हते. वैदिक परंपरेविषयी त्यांना मोठा आदर होता. म्हणून त्याला रागाने उत्तर देणे योग्य नव्हे. ज्या घरात मंत्र केवळ पाठ आहे आणि त्यावर कधी बोलणेच होत नाही, त्या घरापुरते स्टाल यांचे म्हणणे खरे मानावे लागेल. यास्कांचा भार वाहणारा खांब तो हाच.

परंतु देवळात केवळ मंत्रच नसतो. 'प्रसाद' हा शब्द घ्यावा. मूल आधी तो शिकते हातावर पडणाऱ्या साखरफुटाण्यांवरून. मग एके दिवशी घरात लग्न ठरत असते, आजोबा देवाला प्रसाद लावायला निघतात, नातू बरोबर जातो. गाऱ्हाणे घातले जाते, सर्वांचे डोळे मूर्तीवर लावलेल्या पाकळ्यांकडे लागतात, उजवी पाकळी पडते आणि आजी डोळे पुसते. त्या दिवशी नातवाला त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कळतो. कोणत्याही कोशातून तो त्याला अशा रीतीने मिळाला नसता. तो त्याला मिळाला आजोबांबरोबर उभे राहिल्याने. हाच वृद्धव्यवहार.

आज अनेक महाजन घराणी मुंबई, पुणे, बेळगाव, बंगळूर आणि परदेशांत पांगलेली आहेत. जत्रेला येणे होते, वर्गणी पोहोचते, अभिषेकाची पावती टपालाने वा यंत्रावरून मिळते. यात दोष कोणाचाच नाही. पोटामागे मनुष्य जाणारच. पूर्वजही एकदा नदी ओलांडून गेलेच होते. तथापि मूर्तीबरोबर ते आपले बोलणेही घेऊन गेले होते, हे विसरता कामा नये. अर्थ जर ध्वनीतच असता, तर ध्वनिमुद्रित आरतीने तो सुरक्षित राहिला असता. तो केवळ संकेतात असता, तर नियमावली आणि कोश पुरले असते. तो व्यवहारात आहे, म्हणून माणसे लागतात, तीही दोन पिढ्यांची: एक बोलणारी आणि दुसरी जवळ उभी राहून पाहणारी. गावातला शेवटचा जाणता गेला की पटनम यांचा सोनार गेला. मग सर्वजण तो शब्द उच्चारीत राहतील, पण कस कोणालाच लावता येणार नाही.

तेव्हा 'फळीवर' म्हणणाऱ्या मुलाला हसून सोडू नये. त्याला जवळ बसवून फणी म्हणजे काय ते सांगावे, गणपतीच्या पोटाला वेढलेला नाग दाखवावा. त्याची चूक ही अर्थ मागण्याची त्याची रीत आहे. ज्या दिवशी मुले चुकीचा अर्थही लावीनाशी होतील आणि नुसता ध्वनी निमूटपणे म्हणू लागतील, त्या दिवशी कौत्स जिंकलेला असेल.

ज्ञानेश्वरमहाराजांनी 'अमृतानुभवा'त शब्दाचा विचार करण्यासाठी स्वतंत्र प्रकरण योजिले आहे. शब्द आत्मस्वरूपाला प्रकाशित करू शकत नाही, असा त्यांचा अंतिम निर्णय. तरी आधी त्यांनी शब्दाचा मोठा गौरव केला आहे, की तो आठवण करून देण्यासाठी प्रसिद्ध आहे. या म्हणण्यात एक सूचनाही दडलेली आहे. आठवण त्यालाच होते, ज्याची पूर्वी भेट झालेली असते. प्रस्तुत ग्रंथालाही 'स्मरणिका' म्हणतात. तिच्या पानांवरील नावे, विधी आणि उत्सव यांची आठवण पुढील पिढीला व्हावी अशी इच्छा असेल, तर आधी त्यांची भेट घडवून द्यावी लागेल. आणि ते काम कागदाचे नाही, घरातील वडीलधाऱ्या माणसांचे आहे.